ठकीचा वेल

भोपळेकाकू हे नाव कुणी ठेवलं ते गल्लीत आजवर कुणी कबूल केलेलं नाही. पण ज्याने ठेवलं त्याने चपखल ठेवलं. घराच्या मागची भिंत आणि सांडपाण्याचा पाइप यांच्यामध्ये जी चिंचोळी पट्टी उरली होती, तिथे दुसऱ्या कुणी फार तर मोडकी सायकल टेकवून ठेवली असती. काकूंनी तिथे भोपळे लावले. तेही बाजारात फोडी करून विकतात ते ढेरपोटे नव्हेत. काकूंचे भोपळे मुठीत मावणारे. एक चपटा, कडेला नागमोडी कंगोरे असलेला, त्याला त्या भोवरा म्हणायच्या. एक गोल आणि हिरवागार, तो गोट्या. आणि एक पिवळी, सदा मान वाकडी करून बसलेली, ती रुसूबाई. बियांच्या पाकिटावर त्यांची लांबलचक नावं छापलेली असत. काकूंना त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

काकूंची सगळी नोकरी हॉस्पिटलच्या लाँड्रीत गेली. तिथे चादरींचे डोंगर येत आणि काकू नुसती चादर नाकाशी नेऊन सांगत, ही नीट वाळलेली नाही, परत टाका. मशीनवर दिवे लागलेले असोत की नसोत, शेवटचा शब्द काकूंच्या नाकाचा. निवृत्त झाल्यावर काकू घरी आल्या, पण नाक आणि जीभ काही निवृत्त झाली नाहीत. घरात एक नियम होता. भोपळा दिसायला कितीही देखणा असो, देठाकडची एक चकती कापून काकूंनी कच्ची चावून बघितल्याशिवाय तो चुलीवर चढणार नाही. कारण या जातीचा भरवसा नसतो. क्वचित एखादं फळ कडू निघतं, आणि ते कडूपण नुसतं तोंड वाकडं करणारं नसतं. पोटात गेलं तर धडधाकट माणूस आडवा होतो. उकळा, तळा, त्यावर वाटेल ते भुरभुरा, कडू ते कडूच राहतं.

रांधायचीही त्यांची रीत ठरलेली. टोकाला फूल चिकटलेलं असतानाच फळ खुडायचं. मोठा होऊ दिला की भोपळा भाजी राहत नाही, फर्निचर होतो, असं त्या म्हणायच्या. भोवरा आडवा कापायचा, लसणीच्या तेलात तव्यावर पालथा टाकायचा आणि मग हात बांधून उभं राहायचं. जे सारखे उलथनं घेऊन टोचत बसतात त्यांच्या भाजीचं पाणी होतं, आणि होवो, तीच त्यांची लायकी. गोट्याची टोपी कापून पोट कोरायचं, आत परतलेला कांदा आणि पावाचा चुरा भरायचा, टोपी परत घालून मंद आचेवर ठेवून द्यायचा. रुसूबाईचं मऊ सार. आणि त्याच रुसूबाईचा, मीठ न घालता, बारीक गाळलेला गर नातीला.

ही नात म्हणजे ठकी. वर्षाच्या आतली, दोन दात आलेली, जे दिसेल ते तोंडात घालणारी. काकांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. घरात काकू, मुलगा, सूनबाई आणि ठकी. मुलगा पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर पाळीत कामाला. सूनबाई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं आणि आपल्या पायाखालच्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवायचा, हा तिचा दिवस. दुपारी दोन शिकवण्यांच्या मध्ये ती घरी यायची, ठकीला भरवायची आणि पळायची. बाकी सगळा वेळ ठकी काकूंची. त्या पोरीच्या पायी काकूंचे गुडघे दुखायचे थांबले होते, असं त्या स्वतःच सांगत. आता गुडघे असे थांबतात का? पण त्यांचे थांबले होते खरे.

थंडीच्या शेवटी काकूंना ताप आला. चार दिवस अंथरुणात काढून उठल्या, चहा केला, प्यायल्या, तर नुसतं गरम पाणी. साखरेचा डबा उघडून चिमूटभर तोंडात टाकली. वाळू. लिंबू चोखलं, तर दात आंबले, पण आंबट काही लागलं नाही. साबण नाकाशी धरला तर तोही मुका. डॉक्टर म्हणाले, तापानंतर होतं असं कधीकधी. कुणाची चव लवकर येते, कुणाची उशिरा, एखाद्याची येतही नाही. वाट बघा.

काकूंनी वाट बघितली आणि घरात अवाक्षर काढलं नाही. त्याला कारण होतं. गल्लीच्या टोकाला एक आजीबाई होत्या. त्यांना गॅस सुटलेला कळला नाही. काही झालं नाही, सून वेळेवर आली. पण दुसऱ्याच आठवड्यात नातवाला पाळणाघरात टाकलं आणि आजीबाई आता दिवसभर खिडकीत बसतात. आपल्या सूनबाईनेही ठकीच्या जन्माआधी एक पाळणाघर बघून ठेवलं होतं. मग काकू म्हणाल्या, मी आहे ना. सूनबाईने ते मानलं होतं. पण ‘मी आहे’ म्हणजे काय? नाक आहे, जीभ आहे, दूध नासलं तर मला आधी कळतं, हेच ना? ते गेल्यावर उरलं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून काकूंनी मूठ घट्ट मिटली.

आणि मिटल्यावर ती सांभाळलीही नीट, हे मान्य करायला हवं. गॅस प्रत्येक वेळी मागून, सिलिंडरपाशीही बंद. दूध डोळ्यांनी बघून तापवायचं, फाटलं की दिसतंच. मीठ हाताच्या अंदाजाने न घालता मोजून चमच्याने. मुलगा एकदा जेवता जेवता म्हणालाही, आई, हल्ली सगळं अगदी एकसारखं होतं गं. त्याने कौतुकच केलं होतं. काकूंनी त्याला आणखी एक पोळी वाढली.

एकदाच घोटाळा झाला, आणि तोसुद्धा नेमका हेडसरांच्या बाबतीत. हेडसर म्हणजे शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक. मधल्या जाळीच्या कुंपणावरून काकूंचं आणि त्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं, आणि कारणही भोपळाच. सरांना खायच्या भोपळ्यात रस नव्हता. ते शोभेचे भोपळे लावायचे. पट्ट्यापट्ट्यांचे, अंगावर चामखिळी असलेले, वाळवून दिवाणखान्यात मांडायचे. काकूंचं म्हणणं असं की मधमाश्या तुमच्या फुलावरून उठतात आणि माझ्या फुलावर येऊन बसतात, माझं बी बाटतं. सरांचं म्हणणं, मधमाश्यांना मी शिस्त लावू शकत नाही, मुलांनाच लावता लावता दमलो. तर एकदा सर मिटवामिटवी करायला म्हणून आले, काकूंनी कॉफी दिली, सरांनी ती छान झालीय म्हणत संपवली आणि उठून गेले ते पुन्हा आले नाहीत. काकूंना वाटलं, कसला हा शिष्टपणा.

आता बियांचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शोभेच्या भोपळ्याचा पराग खायच्या भोपळ्याच्या फुलात गेला तर त्या वर्षीच्या फळाला काही होत नाही. खुशाल खा. दोष उतरतो तो बियांत. पुढच्या वर्षी ते बी पेरलं की फळ दिसायला गुणी आणि आतून विष. म्हणून ज्याला घरचं बी धरायचं आहे त्याने आदल्या संध्याकाळी मादी फूल हेरायचं, त्याच्यामागे इवलासा भोपळा असतोच, आणि उमलायच्या आत त्याचं तोंड दोऱ्याने बांधायचं. सकाळी दोरा सोडून आपल्याच वेलाच्या नर फुलाचा पराग हाताने लावायचा आणि पुन्हा बांधायचं. काकू हे वर्षानुवर्षं करत आल्या होत्या. त्यांच्या हातून यात कधी चूक झाली नव्हती.

झाली ती गेल्या वर्षी. फूल हेरलेलं होतं, दोरा हातात होता, आणि फोन आला की सूनबाईला दवाखान्यात नेलंय. दोरा तिथेच टाकून काकू धावल्या. ठकी झाली. दुसऱ्या दिवशी घरी येऊन बघतात तर ते फूल उमलून मिटलेलंही होतं आणि मागचा गोट्या धरला होता. कुठल्या माशीने काय आणलं, देव जाणे. शहाण्या माणसाने तो खुडून खाल्ला असता आणि विषय संपवला असता. पण हा तर नातीबरोबर जन्मलेला भोपळा. काकूंनी तो वेलावरच टणक होऊ दिला, बिया काढल्या, धुतल्या, वाळवल्या आणि यंदा पाकिटातल्या बियांच्या शेजारी त्याही पेरल्या. मायेपुढे लाँड्रीतली सगळी शिस्त वाहून गेली. वेल आला तो असा तरारून आला की बाकीचे त्याच्यापुढे आजारी दिसावेत. त्याला घरात ठकीचा वेल म्हणायला लागले. पहिल्या फळावर फिकट पट्टे होते. काकूंना वाटलं, रूप घेतलंय पोराने.

पहिला गर ठकीलाच, हे आधीपासून ठरलं होतं. त्या दिवशी सकाळी काकूंनी फळ खुडलं, धुतलं, देठाची चकती कापली आणि तोंडात टाकली. चावली. काहीच नाही. ताप गेल्यापासून प्रत्येक भोपळ्याला त्या असंच चावत होत्या, आणि प्रत्येक वेळी मनाशी म्हणत होत्या, पाकिटातल्या बियांचा आहे, कडू असायचा नाही. आज तेही म्हणता येईना. हातात चाकू घेऊन त्या ओट्याशी उभ्या राहिल्या. फेकून द्यावा, तर सूनबाई विचारणार, ठकीचा भोपळा कुठे? कडू होता म्हणावं, तर वेलच उपटायला लागेल, आणि गोड असला तर? असा उलटसुलट विचार करता करता त्यांनी तो शिजवला. हात आपोआप चालतात, त्याला काय करणार. गाळला, वाटीत काढला, झाकून ठेवला.

दुपारी सूनबाई आली. हातपाय धुतले, ठकीला मांडीवर घेतलं, वाटी पुढे ओढली.

“चाखलंत ना, आई?”

“हो,” काकू म्हणाल्या. आणि ते खोटंही नव्हतं.

सूनबाईने चमचा भरला. ती वाटीकडे बघत नव्हती, चमच्याकडे बघत नव्हती. काकूंकडे बघून सकाळच्या शिकवणीची गंमत सांगत होती, कुणी एक गृहस्थ वायपर लावून म्हणे हॉर्न शोधत होते. काकू हो म्हणाल्या आहेत, मग बघायचं काय? ठकीने चमचा येताना पाहिला आणि आ करून मान पुढे काढली.

काकूंनी झडप घालून सूनबाईचं मनगट धरलं. गर सांडला.

“थांब. मला चव लागत नाही गं. ताप आला तेव्हापासून. कशाचीच लागत नाही. वासही येत नाही.”

सूनबाईने वाटी लांब सरकवली. मग तिने ठकीला काकूंच्या हातात दिलं, चमच्याला जो थोडा गर उरला होता तो जिभेच्या टोकाला लावला, आणि तिचा चेहरा असा पिळला गेला की काकूंना आणखी काही विचारायची गरजच उरली नाही. ती मोरीकडे धावली. थुंकली, चूळ भरली, परत थुंकली, साखर खाल्ली, परत चूळ भरली. मग धावत येऊन ठकीचं तोंड उघडून आत बोट फिरवून बघितलं. काही नव्हतं. ओठालासुद्धा लागलं नव्हतं.

“विष आहे हे, आई,” ती म्हणाली.

काकूंनी पोरीला छातीशी धरलं. ठकीला घेऊन त्या तिथेच फरशीवर बसल्या. जीव भांड्यात पडला म्हणतात, तो असा पडला की अंगातलं त्राणच गेलं. पोर धड आहे, पोर धड आहे, एवढंच त्या म्हणत होत्या आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ठकीला या सगळ्याशी काहीही कर्तव्य नव्हतं. तोंडाशी आलेला घास गेला म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं. सूनबाईने केळं कुस्करून तिला भरवलं. वाटी घासली, पुन्हा घासली, पर्स उचलली. दाराशी किल्ली हातात घेऊन ती थोडा वेळ उभी राहिली, मागे वळून दोघींकडे बघितलं, आणि गेली. ठकीला ठेवून गेली. पण ते विश्वासाने की भर दुपारी दुसरी सोय नव्हती म्हणून, हे काकूंना कळेना.

तरी एक नवल होतं. पाळणाघराची धास्ती छातीवर तशीच बसलेली होती, पण काकूंना कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेता आला. रोज उठून गोड आहे, खमंग झालंय, मीठ बेताचं आहे असं म्हणायचं ओझं उतरलं होतं. ठकी झोपल्यावर त्या मागे गेल्या आणि तिच्या नावाचा तो गुलजार वेल मुळापासून उपटायला लागल्या. वेल चिवट होता. कुंपणापलीकडून हेडसरांनी पाहिलं.

“वहिनी, अहो, काय करताय? चांगला वेल आहे की.”

एकदा सांगून टाकलं की दुसऱ्यांदा सांगायला काही लागत नाही. काकूंनी सगळं सांगितलं. फूल, दोरा, फोन, ताप, जीभ, आजची दुपार. सर ऐकता ऐकता पांढरे पडले. माझ्या चामखिळ्या भोपळ्यांचं काम, म्हणाले. मग एकदम थबकले.

“चव लागत नाही? म्हणजे ती कॉफी...”

“कुठली कॉफी?”

“मीठ होतं हो तिच्यात. भरपूर. मला वाटलं, कुंपणाचा राग काढलात. म्हटलं, असेल आपली चूक, म्हणून संपवली.”

काकू आधी ओशाळल्या, मग त्यांना हसू फुटलं. सर आधी गंभीर राहायचा प्रयत्न करत होते, पण आपण कसे एकेक घोट गिळून ‘छान झालीय’ म्हणालो हे सांगताना त्यांनाही आवरेना. कुंपणाच्या दोन बाजूंना दोघं म्हातारी माणसं डोळे पुसत हसत होती. सरांनी आपले भोपळे पुढच्या अंगणात न्यायचं कबूल केलं. काकू म्हणाल्या, असू देत, माशी तिथूनही येईल, दोरा बांधायचं काम माझं आहे आणि मीच ते चुकवलं. वेल उपटायला मात्र सरांनी जाळीवरून हात दिला, आणि पट्ट्याचं एक पिल्लूसुद्धा त्यांनी मागे राहू दिलं नाही.

संध्याकाळी सूनबाई आली. मुलगा पाळीवर होता. तिने चप्पल काढली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. काकूंनी ताटकळत राहायचं नाही असं ठरवलंच होतं.

“पाळणाघर ठरवून आलीस का?”

“फोन लावायला काढला होता,” सूनबाई म्हणाली. “दुपारी गाडीतच. मग शिकवणी सुरू झाली.”

काकूंनी पुढ्यातली लसूण सोलायला घेतली.

“मी दिवसभर गाडी न येणाऱ्यांच्या शेजारी बसते, आई. ज्याला येत नाही त्याची मला भीती वाटत नाही. येत नाही हे लपवून जो रेटत राहतो त्याची वाटते. तुम्ही इतके महिने रेटत होतात. त्याचा मला राग आलाय, आणि तो दोन-चार दिवस राहील. तेवढा राहू द्या.”

“राहू दे,” काकू म्हणाल्या.

“पण सांगितलं तर पोरगी पाळणाघरात जाईल हे माहीत असूनही तुम्ही माझा हात धरलात. ते कुणी सांगून केलं नाही. म्हणून ठकी इथेच राहील, तुमच्याकडे.” मग तिने एका दमात सांगून टाकलं. गॅसची सूचना देणारं यंत्र उद्या बसवायचं. दूध ती निघताना हुंगून जाईल. भोपळे सकाळी ती चाखेल, ती नसेल तर हेडसर, त्यांचं काय अडलंय. आणि यापुढे काही दुखलं, खुपलं, दिसेनासं झालं, ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी सांगायचं. “लपवलंत तर मी काही ऐकून घेणार नाही.”

काकूंनी मान डोलावली. बोलायला गेल्या असत्या तर रडू आलं असतं, आणि दिवसात दोनदा रडणं त्यांना पसंत नव्हतं. त्या उठल्या आणि टोपलीतून पाकिटातल्या बियांची एक रुसूबाई काढून ओट्यावर ठेवली. देठाची चकती कापली आणि सवयीने स्वतःच्या तोंडाकडे नेली. अर्ध्या वाटेतून हात वळवून ती सूनबाईपुढे धरली.

सूनबाईने आधी नुसती जीभ लावली, दुपारची धास्ती होतीच. मग चकती तोंडात टाकली आणि डोळे मिटून चावत राहिली.

“गोड आहे,” ती म्हणाली. “काकडीसारखी. आणि शेवटी जरा बदामासारखं लागतं. असंच लागतं का नेहमी?”

“तसंच लागतं,” काकू म्हणाल्या. अगदी तसंच लागायचं.

गर शिजला, गाळला, निवला. सूनबाईने वाटी उचलली आणि काकूंच्या हातात दिली. ठकी काकूंच्या मांडीवर बसली. पहिला चमचा तिने संशयाने घेतला, तोंडात घोळवला, थोडा हनुवटीवर आणला. मग भुवया वर गेल्या, दोन दातांचं तोंड पसरलं आणि तिने काकूंचं मनगट धरून चमचा ओढला. काकू तिच्या तोंडाकडे एकटक बघत होत्या. तिने गिळलं की त्याही गिळत होत्या.

“कशी लागते गं?” त्यांनी विचारलं.

ठकीने आ केला.